पुरस्कार ह्या शब्दाचा अर्थ : पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव व मराठी भाषा

१

'पुरस्कार' हा शब्द मराठीत आज इतका रुळला आहे की त्याच्या मूळ अर्थाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. गुणवंताला काही द्यावयाचे म्हटले म्हणजे मराठी भाषकापुढे तीन-चार शब्द उभे राहतात. फारसीतून आलेला 'बक्षीस' हा शब्द देणाऱ्याचे दातृत्व दाखवितो. अरबीतून आलेल्या 'इनाम' ह्या शब्दात वरच्याने खालच्यावर केलेल्या कृपेचा वास आहे. 'पारितोषिक' हा संस्कृत शब्द देणाऱ्याचा परितोष, म्हणजे संतोष, सुचवितो. ह्या तिन्ही शब्दांत देणारा मध्यभागी आहे. 'पुरस्कार' ह्या शब्दाची जात मात्र निराळी आहे. 'पुरस्' म्हणजे पुढे आणि 'कृ' म्हणजे करणे; तेव्हा पुरस्कार म्हणजे पुढे करणे, पुढे आणून ठेवणे. हा अर्थ मराठीने अद्याप टाकलेला नाही. महर्षी कर्वे हे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते असे आपण म्हणतो, तेव्हा त्यांनी कोणास पदक दिले असे आपणांस म्हणावयाचे नसते. त्यांनी एक गोष्ट समाजापुढे आणली, तिची बाजू घेतली व तिच्यासाठी झीज सोसली, असा त्या शब्दाचा आशय असतो.

शब्दाच्या ह्या दोन अर्थांत, म्हणजे मानचिन्ह देणे व लोकांपुढे आणणे ह्यांत, जे अंतर आहे तेच प्रस्तुत लेखाचे क्षेत्र होय. पुण्यास दरवर्षी भरणारा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव हा महाराष्ट्राच्या सांस्कृतिक जीवनातील एक महत्त्वाचा प्रसंग आहे. त्याचे पुरस्कार पहिल्या अर्थाने पुरस्कार आहेत ह्यात शंका नाही. दुसऱ्या अर्थाने ते कितपत पुरस्कार ठरतात, हा प्रश्न भाषाभ्यासकाने विचारावा असे आम्हांस वाटते. कारण त्याचे उत्तर बऱ्याच अंशी भाषेत दडलेले आहे.

२

महोत्सवाची हकीकत थोडक्यात सांगणे इष्ट होईल. हा महोत्सव २००२ साली सुरू झाला. पुणे फिल्म फाउंडेशन ही संस्था तो महाराष्ट्र शासनाच्या सहकार्याने भरविते, आणि आरंभापासून डॉ. जब्बार पटेल ह्यांनी त्याचे सुकाणू सांभाळले आहे. त्याची दोन मुख्य पारितोषिके शासनाच्या नावाने दिली जातात. जागतिक स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट चित्रपटास 'प्रभात' पुरस्कार मिळतो व त्याची रक्कम १० लाख रुपये आहे. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटास 'संत तुकाराम' पुरस्कार मिळतो व त्याची रक्कम ५ लाख रुपये आहे. अलीकडच्या वर्षांत जागतिक स्पर्धेसाठी साधारणतः १४ व मराठी स्पर्धेसाठी ७ चित्रपट निवडले जातात.

पुरस्कारांची ही दोन नावे ज्यांनी सुचविली त्यांच्या जाणतेपणाबद्दल आदरच व्यक्त केला पाहिजे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झाली व १९३३ साली पुण्यास आली. तिच्याच आवारात पुढे १९६० साली शासनाने चित्रपटशिक्षणाची संस्था काढली. विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल ह्यांनी दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' हा १९३६ सालचा चित्रपट ह्याच कंपनीचा. १९३७ साली तो व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला व तेथे त्याचा गौरव झाला. परंतु ह्या चित्रपटाचे मोठेपण केवळ व्हेनिसमुळे सिद्ध होत नाही. मुंबईत एकाच चित्रपटगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला. शांताराम आठवले ह्यांनी त्यासाठी रचलेला एक अभंग भल्याभल्यांना तुकोबांचाच वाटला. विष्णुपंत पागनीसांची शांत वाणी एकीकडे आणि गौरी ह्यांनी उभ्या केलेल्या जिजाईची रोखठोक बोली दुसरीकडे, अशा दोन मराठींच्या संघर्षातून त्या चित्रपटाचे नाट्य घडते. म्हणजे जो चित्रपट व्हेनिसपर्यंत गेला तो आधी मराठी खेड्यातील श्रोत्याच्या कानापर्यंत गेलेला होता. 'संत तुकाराम' हे नाव धारण करणाऱ्या पुरस्काराची कसोटीही हीच असावयास हवी.

३

प्रस्तुत लेखक दिंडोरीस राहतो. हे तालुक्याचे गाव नाशिकच्या उत्तरेस, वणीच्या वाटेवर आहे. आमच्या वर्गातील विद्यार्थ्यांपैकी काहींच्या घरी मराठी, काहींच्या घरी कोकणा, तर काहींच्या घरी अहिराणी बोलली जाते. शाळेची भाषा सर्वांची मराठी. इंग्रजी हा विषय त्यांनी परीक्षेपुरता उत्तीर्ण केलेला असतो. ती वाचता येते, परंतु सावकाश.

ह्या विद्यार्थ्यांस आम्ही एकदा व्हित्तोरिओ दे सिका ह्या इटालियन दिग्दर्शकाचा १९४८ सालचा सायकलचोरीवरील प्रसिद्ध चित्रपट दाखविला. संवाद इटालियन आणि खाली इंग्रजी उपशीर्षके, ज्यांस आपण सर्रास सबटायटल म्हणतो, अशी ती प्रत होती. चित्रपट संपल्यावर वर्ग गप्प राहिला. ती शांतता भारावलेपणाची नव्हती, हे शिक्षकाला लगेच कळते. एका विद्यार्थिनीने कारण सांगितले : अक्षरे वाचावीत तर माणसांचे चेहरे निसटतात, आणि चेहरे पाहावेत तर अक्षरे निघून जातात. उपशीर्षकाच्या दोन ओळी पडद्यावर फार तर सहा-सात सेकंद टिकतात. ज्याला ती भाषा सहज वाचता येते त्याला त्या वाचल्याचे भानही राहत नाही. ज्याला येत नाही त्याच्यासाठी चित्रपट ही वाचनाची परीक्षा होऊन बसते.

पुढील आठवड्यात आम्ही तोच चित्रपट पुन्हा लावला. ह्या वेळी आवाज किंचित कमी करून, संवादांचा आम्ही केलेला कामचलाऊ मराठी अनुवाद पडद्याशेजारी बसून वाचला. वाचन चांगले नव्हते; दोन ठिकाणी आम्ही मागे पडलो. तरीही अखेरीस जो वाद झाला तो तासाच्या घंटेनेही थांबला नाही. त्या वादात एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न येथे नमूद करण्याजोगा आहे. फळ्यावर आम्ही चित्रपटाचे नाव 'सायकलचोर' असे लिहिले होते. त्याने विचारले, हा शब्द एकवचनी समजावयाचा की अनेकवचनी?

हा प्रश्न त्या चित्रपटाच्या गाभ्याचा प्रश्न आहे. मूळ इटालियन नाव अनेकवचनी आहे. इंग्रजीत हा चित्रपट एका नावाने एकवचनी व दुसऱ्या नावाने अनेकवचनी असा दोन प्रकारे ओळखला गेला, आणि त्यावर समीक्षकांत बरीच चर्चाही झाली. ज्याची सायकल चोरीस गेली तो गरीब बाप अखेरीस स्वतः चोरी करावयास प्रवृत्त होतो; तेव्हा चोर एक की दोन, की ती सारी व्यवस्थाच, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उरतो. मराठीत 'चोर' ह्या शब्दाचे प्रथमेतील रूप दोन्ही वचनांत सारखेच असते. त्यामुळे 'सायकलचोर' ह्या मराठी नावात वचनाचा निर्णय अखेरपर्यंत लांबणीवर पडतो, आणि चित्रपटास नेमके तेच हवे आहे. इंग्रजीस जे एका शब्दात साधता आले नाही ते मराठीस आपल्या रूपविचारामुळे अनायासे साधले, आणि ते हेरले दिंडोरीच्या एका विद्यार्थ्याने. चित्रपट त्याच्या भाषेत त्याच्यापुढे ठेवला गेला नसता तर हा प्रश्न विचारलाच गेला नसता.

४

पुण्याच्या महोत्सवात परदेशी चित्रपट मूळ भाषेत व इंग्रजी उपशीर्षकांसह येतात. ही जगभरची वहिवाट आहे व त्यात महोत्सवाचा विशेष दोष आहे असे नव्हे. परंतु तिचा परिणाम काय होतो ते पाहिले पाहिजे. 'आंतरराष्ट्रीय' ह्या विशेषणाचा अर्थ राष्ट्राराष्ट्रांमधील असा आहे. ज्याला इंग्रजी अस्खलित वाचता येत नाही त्या मराठी माणसापुरते हे 'मधील' अंतर मिटत नाही. फ्रेंच, चेक, फारसी, कोरियन अशा सर्व भाषांचे चित्रपट त्याच्यापर्यंत एकाच दाराने येऊ शकतात, आणि त्या दाराची किल्ली त्याच्याजवळ नसते.

कोणी म्हणेल की इंग्रजी हे केवळ वाहन आहे. माल पोहोचला म्हणजे झाले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे खरे नाही. वाहन बदलले की मालही थोडा बदलतो. एकच उदाहरण पुरे होईल. फ्रेंच, जर्मन, रशियन ह्या भाषांत मराठीप्रमाणेच मध्यमपुरुषी सर्वनामाचे जवळिकीचे व आदराचे असे दोन प्रकार आहेत. इंग्रजीत तो भेद उरलेला नाही. म्हणजे एखाद्या फ्रेंच चित्रपटात पात्र 'तुम्ही'वरून 'तू'वर येते, त्यांच्या नात्याचे सारे वळण त्या एका सर्वनामात असते, आणि इंग्रजी उपशीर्षकात ते पुसले जाते. मराठी उपशीर्षकात ते जसेच्या तसे राहू शकते. ज्या दोन भाषांकडे समान सामग्री आहे त्यांच्या मध्ये ती नसलेली तिसरी भाषा उभी करावयाची, आणि मग परदेशी चित्रपट आपल्या लोकांस परका वाटतो म्हणून हळहळ करावयाची, असा हा प्रकार आहे.

हीच हानी उलट दिशेनेही होते. मराठी चित्रपट परभाषी परीक्षकापुढे जातो तो इंग्रजी उपशीर्षके घेऊनच. नागराज मंजुळे ह्यांच्या 'फँड्री' ह्या २०१३ सालच्या चित्रपटाचे नावच मराठी नाही. तो कैकाडी बोलीतील डुकराचा वाचक शब्द आहे. बहुसंख्य मराठी प्रेक्षकांस तो शब्द प्रथम अनोळखी वाटतो, आणि आपल्याच गावातील एका कुटुंबाची घरातील भाषा आपणांस ठाऊक नाही ही जाणीव त्या अनोळखीपणातून होते. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र केवळ डुक्कर असा अर्थ मिळतो व ती जाणीव हुकते. त्या चित्रपटातील कचरूला गावातील वरचढ माणसे एकेरीत बोलतात. मराठी कानास जात ऐकू येते ती ह्या एकेरीपणात. इंग्रजीत एकेरी व आदरार्थी एकच.

चैतन्य ताम्हाणे ह्यांच्या 'कोर्ट' ह्या चित्रपटाची गोष्ट याहून बोलकी आहे. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात 'ओरिझोंती' विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान त्याला मिळाला, आणि पुढे भारतातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही. त्यात मराठी, हिंदी, इंग्रजी व गुजराती ह्या चार भाषा बोलल्या जातात. लोकशाहीर मराठीत गातो आणि त्याचा न्याय करणारा कायदा इंग्रजीत वाचला जातो. आरोपीची भाषा व कायद्याची भाषा ह्यांतील ही दरी हाच त्या चित्रपटाचा विषय आहे असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. चारही भाषांखाली जेव्हा एकच इंग्रजी धावते तेव्हा ती दरी पडद्यावर बुजल्यासारखी दिसते. परीक्षकांनी तरीही तिचा ठाव घेतला, हे दिग्दर्शकाच्या रचनेचे व परीक्षकांच्या मर्मज्ञतेचे श्रेय होय, उपशीर्षकांचे नव्हे.

५

ह्यापुढे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहावेत. पुण्याच्या महोत्सवात २०२३ साली 'प्रभात' पुरस्कार 'तोरी आणि लोकिता' ह्या चित्रपटास मिळाला. ज्याँ-पिएर व ल्युक दार्देन ह्या बेल्जियन बंधूंचा हा चित्रपट. आफ्रिकेतून बेल्जियमला आलेली दोन मुले आपण भावंडे असल्याचे सांगतात, आणि मुलीला राहण्याचा परवाना मिळावा ह्यासाठी धडपडतात. चित्रपट उघडतो तो लोकिताच्या चेहऱ्यावर. समोरचे अधिकारी दिसत नाहीत. त्यांचे प्रश्न तेवढे ऐकू येतात, आणि उत्तरे देताना त्या मुलीचा धीर कसा सुटत जातो ते आपण पाहतो. त्याच वर्षी, सप्टेंबरात, जयंत दिगंबर सोमलकर ह्यांचा 'स्थळ' हा मराठी चित्रपट टोरोंटोच्या महोत्सवात दाखविला गेला व आशियाई चित्रपटासाठी असलेला नेटपॅक पुरस्कार त्यास मिळाला. विदर्भातील एका खेड्यातील सविता ह्या मुलीस पाहण्यासाठी एकामागून एक मंडळी येतात. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, असे तेच ते प्रश्न विचारले जातात. चित्रपटाच्या आरंभी स्वप्नात मात्र उलटा प्रकार घडतो : मुलगा मान खाली घालून बसलेला आहे आणि बायका त्याला प्रश्न विचारीत आहेत.

एका मुलीस परदेशी सरकार प्रश्न विचारते, दुसरीस आपलाच समाज. दोन्हींची उत्तरे आधी ठरलेली असतात. चूक झाली तर निवारा जातो, नाहीतर लग्न मोडते. 'स्थळ' ह्या शब्दास मराठीत जागा व विवाहयोग्य वर-वधू असे दोन अर्थ आहेत. परदेशात ह्या चित्रपटास जे इंग्रजी नाव दिले गेले त्यात फक्त दुसरा अर्थ आला. परंतु लोकिताच्या दुःखाशी सविताचे नाते जुळते ते पहिल्या अर्थाने : दोघींनाही हवी आहे ती जगात पाय ठेवावयास जागा. ही तुलना करावयास मोठी विद्वत्ता लागत नाही. आमच्या वर्गातील ज्या मुलींना पाहावयास मंडळी येऊन गेली आहेत त्या ती आमच्याहून चांगली करतील. अट एवढीच की दोन्ही चित्रपट त्यांच्यापुढे त्यांच्या भाषेत आले पाहिजेत. 'स्थळ' त्यांना समजेल, बोली निराळी असली तरी समजेल. 'तोरी आणि लोकिता' महाराष्ट्र शासनाच्या नावाने पुरस्कृत झाला आहे. पण महाराष्ट्राच्या राजभाषेत तो त्यांच्यापुढे केला गेला नाही. लेखाच्या आरंभी सांगितलेले अंतर ते हेच.

६

आमच्या ह्या म्हणण्यावर काही आक्षेप संभवतात. महोत्सव हा मर्मज्ञांसाठी असतो. त्याने सर्वांपर्यंत जाण्याचा अट्टाहास का धरावा, हा पहिला. ह्याला इतिहासाने उत्तर दिले आहे. भारतातील पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २४ जानेवारी १९५२ रोजी मुंबईत सुरू झाला व नंतर मद्रास, दिल्ली व कलकत्ता ह्या शहरांत गेला. त्यात स्पर्धा नव्हती. स्पर्धा पुढे, १९६५ साली दिल्लीस भरलेल्या तिसऱ्या महोत्सवापासून सुरू झाली. तरीही त्या पहिल्या महोत्सवाचा ठसा आपल्या चित्रपटावर खोल उमटला. वर उल्लेखिलेला दे सिकाचा चित्रपट त्यात दाखविला गेला, तो पाहून बिमल रॉय प्रभावित झाले, आणि १९५३ साली 'दो बिघा जमीन' आला. एकही पारितोषिक न देता त्या महोत्सवाने खरा पुरस्कार केला, कारण त्याने चित्रपट लोकांपुढे ठेवले व एका शहरावर न थांबता चार शहरांत नेले.

दुसरा आक्षेप असा की दोन भाषांची उपशीर्षके दाखविणे व्यवहार्य नाही. वस्तुतः जगात हे नित्य चालते. व्हेनिस येथे परदेशी चित्रपट इटालियन व इंग्रजी अशा दोन्ही उपशीर्षकांसह दाखविले जातात. दक्षिण कोरियातील बुसानच्या महोत्सवात कोरियन प्रेक्षकास कोरियन भाषेत वाचावयास मिळते. मूळ चित्रपटास हात न लावता पडद्याच्या खाली किंवा बाजूस निराळी पट्टी योजून दुसरी भाषा दाखविता येते. बर्लिनच्या महोत्सवाचे उदाहरण तर आपणांस विशेष लागू पडते. तेथील बालचित्रपटांच्या विभागात प्रयोग चालू असताना संवादांचा जर्मन अनुवाद प्रत्यक्ष वाचून दाखवितात, कारण लहान मुलांना इंग्रजी अक्षरे भराभर वाचता येत नाहीत हे तेथील लोकांनी ओळखले आहे. २०१४ साली ह्याच विभागात अविनाश अरुण ह्यांच्या 'किल्ला' ह्या मराठी चित्रपटास मुलांच्या परीक्षक-मंडळाने स्फटिक-अस्वलाचा मान दिला. कोकणात बदलून आलेल्या एका शाळकरी मुलाची ती गोष्ट. मराठी मुलाचे एकटेपण बर्लिनच्या मुलांपर्यंत त्यांच्या मातृभाषेतून पोहोचविण्याची सोय तेथे होती. बर्लिनच्या मुलाचे एकटेपण दिंडोरीच्या मुलापर्यंत मराठीतून पोहोचविण्याची सोय आपण अद्याप केलेली नाही. दोन गावांतील हा फरक पैशाचा असेल, पण केवळ पैशाचा नाही.

शिवाय ही कल्पना आपल्याकडे परकी आहे असेही नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरीत कथा सांगत आले आहेत. दादासाहेब फाळके ह्यांचा जन्म १८७० साली दिंडोरीच्या शेजारच्या त्र्यंबकेश्वरी झाला. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांसाठी दाखविला गेला. तो मूकपट होता, आणि प्रसंगांच्या मध्ये येणाऱ्या त्याच्या शीर्षकपाट्यांवर इंग्रजीबरोबर देशी भाषाही होती. चित्र हे विश्वभाषेत बोलते असे आपण कितीही म्हटले, तरी प्रेक्षकाला त्याच्या लिपीत दोन ओळी वाचावयास दिल्या पाहिजेत, हे ह्या देशाच्या पहिल्या दिग्दर्शकाने पहिल्याच चित्रपटात जाणले होते. त्याच वर्षी फाळके ह्यांनी आपला उद्योग नाशिकास हलविला. शंभर वर्षांपूर्वी जे तत्त्व नाशिक जिल्ह्यात ठाऊक होते ते आज पुण्यास अशक्य वाटावे ह्याला कारण नाही.

तिसरा आक्षेप गंभीर आहे. चेक, फारसी, कोरियन ह्या भाषांतून थेट मराठीत अनुवाद करणारे किती मिळतील? न मिळाल्यास अनुवाद इंग्रजीवरूनच करावा लागेल, आणि मग वर सांगितलेली हानी टळणार कशी? हा आक्षेप आम्ही मान्य करतो. सर्वनामांचे भेद इंग्रजीवरून परत मिळवितांना अनुवादकाला चेहरा, वय व प्रसंग पाहून अंदाज करावा लागेल, आणि तो कधी चुकेल. परंतु अपुरा अनुवाद व अनुवादाचा अभाव ह्यांत निवड करावयाची असेल तर आम्ही पहिला पसंत करू. शिवाय सर्वच भाषांची ही स्थिती नाही. पुण्याच्या विद्यापीठात जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश ह्या भाषांचे अध्यापन दीर्घकाळ चालू आहे. तेथील वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांस एखाद्या चित्रपटाचे संवाद थेट मराठीत आणण्याचे काम दिले, तर त्यांच्या अभ्यासास विषय मिळेल व महोत्सवास अनुवादक. मराठीची ठेवणही ह्या कामास प्रतिकूल नाही. आपले प्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामास जोडून येतात. 'घरातल्यांनासुद्धा' ह्या एका शब्दासाठी इंग्रजीस पाच-सहा शब्द खर्चावे लागतात. जेथे अक्षरांची मोजदाद करावी लागते तेथे हा गुण लहान नव्हे. अडचण आहे ती देवनागरीच्या वर-खाली येणाऱ्या मात्रांची. त्यांस ओळीची उंची अधिक लागते. ती यंत्रकाराने सोडवावयाची बाब आहे.

७

आमची सूचना मर्यादित आहे. महोत्सवातील सर्व चित्रपटांना मराठी उपशीर्षके द्यावीत असे आम्ही म्हणत नाही. जागतिक स्पर्धेतील १४ चित्रपटांपासून आरंभ व्हावा. तेही कठीण असेल तर, ज्या एका चित्रपटास 'प्रभात' पुरस्कार मिळेल त्याला मराठी उपशीर्षके देऊन, हक्कदारांच्या अनुमतीने, तो वर्षभरात जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावी दाखविला जावा. 'संत तुकाराम' पुरस्कार मिळविणाऱ्या चित्रपटाबाबत इंग्रजी उपशीर्षकांची सिद्धता करताना त्या बोलीचा जाणकार अनुवादकाशेजारी बसवावा. कैकाडी, वऱ्हाडी, अहिराणी किंवा कोकणा शब्द जेथे कथेत काही काम करीत असेल तेथे तो गिळून टाकू नये. मूळ शब्द ठेवून अर्थ द्यावा. ह्या दोन गोष्टींसाठी लागणारी रक्कम पुरस्काराच्या रकमेच्या मानाने फार मोठी होईल असे वाटत नाही.

महोत्सवाच्या चालकांनी मराठी चित्रपटास जगातील चित्रपटांच्या पंक्तीस बसविले, त्याला स्वतंत्र स्पर्धा व मोठे नाव दिले, हे त्यांचे कार्य आम्ही कमी लेखीत नाही. त्यामुळे मराठी ही जगास दाखविण्याची भाषा झाली. आता तिने जग पाहण्याची भाषाही झाले पाहिजे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, व त्याचा आनंद सर्वत्र साजरा झाला. भाषेचे अभिजातपण तिच्या प्राचीनतेवरून ठरत असेल. तिचे जिवंतपण मात्र ती नव्याने काय सामावून घेते ह्यावरून ठरते. ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेचा अर्थ मराठीत आणला, तेव्हा संस्कृत जाणणारे पंडित होतेच. ज्यांना संस्कृत येत नव्हते त्यांच्यासाठी तो खटाटोप होता. त्याच परंपरेतील संताचे नाव आपण एका पुरस्कारास दिले आहे. त्या नावाची आठवण ठेवून, पेठच्या किंवा वणीच्या बाजूच्या एखाद्या मुलीस लोकिताला विचारलेले प्रश्न तिच्या भाषेत वाचता येतील, आणि वाचताना लोकिताचा चेहराही तिच्या दृष्टीतून निसटणार नाही, अशी व्यवस्था ज्या वर्षी होईल, त्या वर्षी पुरस्कार ह्या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र आले असे म्हणता येईल.